कुठं काचतंय

आमच्या संध्याला रीत नाही. सून म्हणून मी तिला कधी कमी लेखलं नाही. शिकलेली आहे, गाळा तिच्या डोक्यावर चालतो, हे मी चारचौघींत सांगते. पण रीत नाही ती नाही. घरात सासू धडधाकट बसलेली असताना सासूच्या धाकट्या बहिणीला चेणे गावाहून बस बदलत बोलवायचं, तिला गाळ्यात मधोमध उभी करायची, पंखा तिच्याकडे वळवायचा, आणि ह्यातलं अक्षरही सासूच्या कानावर येऊ द्यायचं नाही, ह्याला काय म्हणतात? मी दुसरीपर्यंत शिकले, मला मोठे शब्द येत नाहीत. पण चोरीला चोरी म्हणायला दुसरी पुरते.

झालं असं की बंटी, माझा मुलगा, माल घेऊन वसईला गेलेला आणि संध्याचा डबा ओट्यावर तसाच राहिलेला. मी म्हटलं, आपणच नेऊ. ज्वारीची भाकरी गरम होती, सोबत कारळाची चटणी, तिला आवडते ती. आमचा नीकॅप-पॅड शिवायचा गाळा भाईंदर पूर्वेला, इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये पहिल्या मजल्यावर. खाली सगळे स्टीलवाले. ताटं-वाट्यांना पॉलिश मारतात, तिची काळी भुकटी जिन्याच्या कठड्याला, माणसांच्या भुवयांना, चहाच्या ग्लासालासुद्धा. जेवणाची सुट्टी होती, आमच्या मशिनी थांबल्या होत्या, कारागीर खाली गेले होते. शटर अर्धं ओढलेलं. माझ्याच गाळ्याच्या शटरखालून मी वाकून आत गेले आणि वाकलेलीच राहिले. गिरिजा दोन्ही हात वर करून उभी होती. पदर कमरेला खोचलेला, ब्लाऊजवर ती राखाडी बंडी चढवलेली, तोंडावर पंख्याचा वारा, आणि डोळे मिटलेले, लहान पोर न्हाऊ घालताना मिटतं तसे. संध्या तिच्याभोवती फिरत होती. खडू दातांत धरलेला, म्हणून बोलणं जरा बोबडं.

"मावशी, आता? कुठं काचतंय?"

"हितं. न्हाई, जरा वर. हां, तितंच. मेली ती शिवण चावतीय."

"चावतेय की घासतेय? नीट सांगा."

"आदी घासती, मग चावती."

संध्या हसली. इतकी हसली की खडू पडला. मग तिनं दोन बोटं बंडीच्या कडेतून आत घातली, गिरिजाच्या बरगडीवर टेकवली आणि तिथंच ठेवली, नाडी बघताना ठेवतात तशी. गिरिजा श्वास घेई तशी ती बोटं वर-खाली होत होती. माझ्या हातातला डबा शटरला लागून वाजला.

"आई! उन्हाचं कशाला आलात?"

"डबा."

"ताई, बग की, मला क्रिकेटवाली केली हिनं!" गिरिजा हात वर ठेवूनच म्हणाली.

"दिसतंय," मी म्हणाले. "बॅट कधी देणार आहे?" डबा मी कापायच्या टेबलावर, बरोबर कापलेल्या फोमच्या ढिगावर ठेवला. तेलकट डबा फोमवर ठेवायचा नसतो, हे त्या गाळ्यात माझ्याइतकं कुणाला माहीत नाही. जिना उतरताना संध्यानं मागून हाक मारली. मी कठडा सोडून उतरले, कठड्याशिवाय मला उतरता येतं हे तिला वरून दिसावं म्हणून.

ती बंडी म्हणजे काय ते सांगायला हवं. नवघरकडच्या मैदानावर मुलींना क्रिकेट शिकवणारा एक कोच आहे. कातडी चेंडू छातीवर लागतो, म्हणून आत गार्ड घालायचा. पण बाजारातला गार्ड पोरांच्या छातीचा, वर प्लॅस्टिकची वाटी, आत जाड फोम. पोरी घामानं निथळतात, पुरळ येतं, मग गुपचूप काढून दप्तरात कोंबतात, आणि कधीतरी चेंडू नेमका तिथंच बसतो. तर असं काहीतरी हवं की जे मार झेलेल आणि वारा अडवणार नाही. संध्यानं हे काम अंगावर घेतलं तेव्हापासून घरात जेवताना हेच. तिनं एक कापड आणलं, सँडविच मेश म्हणतात त्याला. दोन जाळ्या आणि मधे उभे धागे, बारीक बारीक, गवत उगवावं तसे. दाबलं की बसतं, सोडलं की उठतं. पहिल्या दिवशी ती धावत माझ्याकडेच आली होती, हेही खोटं बोलणार नाही. माझ्या चहाच्या ग्लासावर तिनं ते कापड ताणून धरलं आणि म्हणाली, आई, बघा. चहाची वाफ कापडातून सरळ वर आली, जसं मधे काही नाहीच. मग तिनं साधा फोम धरला. वाफ खाली कोंडली, फोमच्या पोटाला थेंब धरले. "अंगाचंही असंच होतं," ती म्हणाली. मला ते फार आवडलं होतं. चहा गार होईपर्यंत आम्ही दोघी ग्लासावर वाकून बसलो होतो. आता त्या ग्लासावर कुणाचं डोकं वाकतं हे मला कळलं होतं.

स्टेशनकडच्या रस्त्याला भाजीवाला ओरडला, "माताजी, मेथी ताज़ा है." मी म्हटलं, "तेरे मुँह पे पानी मारके ताज़ा किया है क्या?" तो हसला. ह्या शहरात माझ्या तोंडाला सगळे हसतात आणि मला वाटायचं, घाबरतात. घेतली मी मेथी. माझ्या हाताला जुडीचा ओला धागा लागला आणि मला गुडघ्यामागे ओलसर वाटलं. शरीराचं डोकं वेगळंच असतं. गुडघ्यामागची ती जागा, जिथं कातडी पातळ असते, जिथं बाईला स्वतःलाही कधी बघता येत नाही, ती जागा कोंडिरामची, बंटीच्या वडिलांची होती. ते बॅगांच्या कारखान्यात कटिंगला होते. तिथलं फोमचं नि रेक्झिनचं कात्रण पोत्यात भरून आणायचे आणि आमच्या चाळीतल्या खोलीत त्याचे कबड्डीवाल्यांसाठी नीकॅप शिवायचे. ते शिवायचे, मी घालायची. तीच आमची पद्धत. नवा तुकडा झाला की मी लुगडं वर सारून खुर्चीवर बसायची, ते जमिनीवर उकिडवे बसायचे, नीकॅप चढवून मागे बंद बांधायचे आणि म्हणायचे, आता टेक. मी फरशीवर गुडघे टेकायची. उभ्या जन्मात कुणापुढं टेकले नाहीत, तिथं टेकायची. "कसं वाटतंय, वैजयंता?" माझं पूर्ण नाव घेणारं जगात तेवढं एकच माणूस. आणि मी म्हणायची, "बरंय." त्या एका शब्दावर माल बाजारात जायचा. माझं बरंय म्हणजे शिक्का. ते दुकानदाराला सांगायचे, आमच्या मंडळींनी पास केलाय. रेक्झिनची कड गुडघ्यामागे कापायची, घामानं तिथं चरचरायचं, लाल वळ उठायचे. ते कामावर गेले की मी खोबरेल लावायची. त्यांना सांगितलं असतं तर त्यांनी सगळं उसवलं असतं, पुन्हा बसून शिवलं असतं, तेवढा भला माणूस. पण बंद बांधून झाला की ते वर बघायचे, आणि त्या बघण्याला मी काय सांगणार होते, की तुमच्या हातचं मला टोचतं? आणि खरं तर मला मिजास होती. रेक्झिन हरतं आणि माझी कातडी जिंकते, ह्याची मिजास.

ते गेल्यापासून माझ्या अंगाला कुणी हात लावला नाही. म्हणजे लोक पाया पडतात, बांगडीवाला मनगट दाबतो, डॉक्टर पट्टा गुंडाळतो. त्याला हात लावणं म्हणत नाहीत. दोन बोटं आत घालून, थांबून, श्वास मोजल्यासारखी ठेवून कुणी विचारत नाही की बाई, कुठं? आणि गिरिजाला विचारतं. गिरिजाला जन्मापासून सगळे विचारत आले. आमचं गाव परतूरकडचं. आम्हा दोघी बहिणींना आई एकाच कापडातले परकर शिवायची, एकाच जाडीची नाडी घालायची. सकाळी गिरिजाचं सुरू व्हायचं, नाडी काचती, नाडी काचती. आई भाकरीच्या पिठाचे हात झाडून यायची, नाडी सैल करायची, कमरेवरचा वळ फुंकायची. चप्पल मिळाली तर अंगठा टोचतो. न्हायला पाणी घेतलं तर चटका. एकदा तर उशी टोचते म्हणाली, आणि आईनं ती उशी उसवून चाचपून बघितली! माझी नाडी तीच होती. माझ्या कमरेवरही वळ होता. आई माझ्याकडे बघून बायांना सांगायची, "वैजी गुणाची. वैजीचं काही नसतं." ते मला इतकं गोड लागायचं, गुळाच्या खड्यासारखं, की तो खडा तोंडात धरायला मी पुढचं सगळं गप बसले. वैजीचं काही नसतं. मी लग्न होऊन इकडं आले तर हेच वाक्य माझ्याआधी पोचलेलं. सासू म्हणायची, हिचं काही नसतं. बंटीच्या वेळी दवाखान्यात बाजूच्या खाटेवर एक बाई नुसती हंबरत होती, दोन नर्सा तिच्यापाशी. मी दातात पदर धरला होता. एक नर्स जाताजाता म्हणाली, ह्यांना वेळ आहे अजून, बघा किती शांत आहेत. बंटी जन्मला तेव्हा माझ्या खाटेपाशी कुणी नव्हतं. मीच खाली हात घातला. नंतर सगळ्या धावत आल्या, वरून मलाच ओरडल्या, आवाज द्यायचा ना बाई. ही गोष्ट मी आजवर मिजाशीनंच सांगत आले. त्या दिवशी मेथीची पिशवी घेऊन जिना चढताना पहिल्यांदा मला त्या शेजारच्या खाटेवरच्या बाईचा राग आला. इतक्या वर्षांनी. तिचा चेहराही आठवत नाही, नुसता आवाज आठवतो, आणि त्या आवाजाकडे पळणारे दोन जोडी पाय.

दिवेलागणीला संध्या आली. हातपाय धुतले, माझ्यासमोर बसली आणि न विचारता मेथी निवडायला घेतली. तिची ही एक खोड आहे, भांडण असलं की काहीतरी निवडायला घेते.

"आई, रागावलात."

"मी कशाला रागावू? माझं काही नसतं."

"तुम्हाला सांगू नका, असं मी मावशींना म्हटलं नव्हतं. त्या म्हणाल्या, ताईला सांगू नको, ती हसंल."

"हसलेच असते. किती दिवस चाललंय?"

"झाले बरेच." तिनं एक पिवळं पान बाजूला टाकलं. "आई, पहिलं सॅम्पल मी तुम्हालाच दिलं होतं. दिवाळीच्या आधी. तुम्ही दिवसभर घातलंत, त्यातच कपडे धुतलेत, चकल्या केल्यात, आणि संध्याकाळी काढून दिलंत. मी विचारलं, कसं आहे. काय म्हणालात?"

"बरंय म्हणाले. मग? बरं नव्हतं?"

"तुमच्या काखेखाली सोललं होतं. तुम्ही हात वर करून केस बांधलेत तेव्हा दिसलं मला. ब्लाऊजला रक्त होतं."

मी जुडीचा धागा बोटाला गुंडाळत राहिले. बोटाचं टोक पांढरं झालं.

"मी सॅम्पल मैदानावर पण नेलं," ती म्हणाली. "पोरी घालतात, पळतात, मी विचारलं की सगळ्या म्हणतात, ठीक आहे दीदी. कारण जी कुरकुर करते तिला कोच बाहेर बसवतो. मग मी काय सुधारू? कुठं कापू? मला कुरकुर करणारं माणूस पाहिजे होतं, आई. मावशी लहान चणीच्या आहेत, पोरींच्या मापाला बसतात, आणि एका शिवणीवरून अर्धा तास बोलतात."

"तिनं जन्मभर तेवढंच केलंय."

"म्हणूनच."

असं म्हणून ती मेथी घेऊन आत गेली. एक शब्द बोलली, आवाज चढवला नाही, पण मी बसल्या जागी उलटीपालटी झाले. म्हणूनच! म्हणजे मी जे जन्मभर सोसलं त्याला बाजारात गिऱ्हाईक नाही, आणि गिरिजा जे जन्मभर रडली ते कामाचं निघालं. ती आई-आई करत नाडी सैल करून घ्यायची ती आता डिझाइन झाली. मला वाटलं, उठावं आणि कपाटातून ते ब्लाऊज काढून हिच्यापुढं फेकावं, रक्त धुतलं तरी डाग आहे त्याला. पण मग ते दाखवणं झालं असतं. आणि दाखवायचं नाही, ह्यावर तर मी उभी होते. पायाखालची ती एकच फरशी मला ठाऊक होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली तर दारात गिरिजा. "जय भीम ताई. च्या टाक. बसमदी मेला कंडक्टर पायावर उबा ऱ्हायला, अंगठा बग कसा झालाय." मी अंगठ्याकडे बघितलं नाही. चहा टाकला. ती खुर्चीत बसली, मग उठून दुसऱ्या खुर्चीत बसली, म्हणे पहिलीचा दांडा पाठीला लागतो.

"बाई, तुला लागत नाही असं काय आहे?" मी म्हणाले.

"हाय की. संध्याची ती नवी बंडी. आता कुटंच लागत न्हाई. काल तू गेल्यावर तिनं खांद्याला जाळी डबल केली. आज संध्याकाळी कोचला देणार." चहा फुंकत ती म्हणाली, "ताई, तुला खरं सांगू का? मला त्या क्रिकेटचं काय कळतंय? ती विचारती ना, म्हणून येते. घरी माझ्या पोराला, नाथाला म्हटलं गुडघा दुखतोय, तर तो मोबाइलात बघूनच म्हणतो गोळी घे. हितं एक शिकलेली पोरगी दातात खडू धरून माझ्याभोवती फिरती. मला कोण विचारतंय गं?"

"तुला? तुला कोण विचारतंय?" माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. "तुझ्यासाठी आईनं उशा उसवल्या."

"उसवल्या. आणि उसवताना बडवायची पण. वैजीला बग, वैजीला बग, दर फटक्याला तुझं नाव. तुला काय म्हाईत? तू तर सरपण आणायला गेलेली असायचीस." ती सहज बोलत होती, बशीत चहा ओतत. "मला वाटायचं, हिला आईनं चामडीच येगळी दिली. आपल्याला का न्हाई दिली? लई जळायचे मी तुझ्यावर. लई." आणि बशी तोंडाला लावली.

बघा. जळणंसुद्धा तिनं बोलून टाकलं आणि मोकळी झाली. चहा संपायच्या आत. आणि माझं जळणं माझ्या आत, कोंडलेल्या वाफेसारखं, थेंब धरून. मला तिची दया यायला हवी होती, त्या फटक्यांची. आली नाही. मला एवढंच सुचलं की आई तिला मारायची म्हणजे तिच्या पाठीवर आईचा हात पडायचा तरी.

मी चप्पल घातली. "चल," म्हटलं. गिरिजा म्हणाली, "तू कुटं?" मी म्हटलं, "माझा गाळा आहे तो. मला बोलावणं लागत नाही." रस्ताभर ती बोलत होती, ऊन, धूळ, चपलेचा पट्टा, रिक्षावाल्यांचा भोंगा. मी ऐकत होते आणि प्रत्येक तक्रारीला माझं अंग आतून उत्तर देत होतं: मलाही. ऊन मलाही लागत होतं. उजव्या पायाच्या करंगळीला गेली कित्येक वर्षं चप्पल लागते. कमरेत डावीकडे एक जागा आहे. अंगात जागोजागी दारं असावीत आणि कुणीतरी एकेक कडी वाजवत जावं तसं झालं, आणि मला भीती वाटली की सगळी एकदम उघडली तर मी रस्त्यातच खाली बसेन.

गाळ्यात मशिनी चालू होत्या. संध्या टेबलावर वाकून बंडीच्या पट्ट्यांना वेल्क्रो लावत होती. आम्हा दोघींना एकत्र बघून तिनं हातातली कात्री खाली ठेवली.

"दे ती बंडी," मी म्हणाले.

"आई, ही आज द्यायची आहे. पक्की झाली."

"पक्की झाली म्हणजे कुणी पास केली?"

तिनं गिरिजाकडे बघितलं. गिरिजानं पंख्याकडे. मी पदर काढून कमरेला खोचला. आमचा जुना कारागीर समजूतदार, त्यानं मशीन बंद केलं, "चाय पीके आता हूँ, अम्मा," म्हणाला, दुसऱ्यालाही उठवलं आणि जाताना शटर अर्धं ओढून गेला. मी दोन्ही हात वर केले. हात वर करून उभं राहणं किती उघडं असतं ते हात वर केल्याशिवाय कळत नाही. संध्यानं बंडी माझ्या डोक्यावरून घातली. हलकी होती, पाण्यासारखी. बाजूचे पट्टे ओढताना तिला जोर लावावा लागला. मी गिरिजाच्या दुप्पट आहे. पंखा माझ्याकडे नव्हता, तिनं तो वळवला. जाळीतून वारा थेट आत आला, पाठीच्या मधल्या पन्हाळीतून खाली गेला, आणि माझ्या अंगावर काटा उभा राहिला. एवढ्या वर्षांत घामाच्या जागी वारा लागल्याचं मला आठवत नाही.

मग ती माझ्याभोवती फिरली. खडू दातांत.

"आई, कुठं काचतंय?"

बरंय. ते दातांपर्यंत आलं. जन्मभराची सवय, ती विचारायच्या आधीच उत्तर तयार ठेवते. मी तोंड मिटलं आणि आत बघितलं, अंधाऱ्या खोलीत हात पुढं करून चालतात तशी. आणि मला तिथं कोण सापडलं? गिरिजा. डाव्या काखेत पायपिंग दुमडून मऊ केलेलं, ती गिरिजाची चावणारी शिवण. खांद्यावर दुहेरी जाळी, ते गिरिजाचं हाड. मानेपाशी कड खाली उतरवलेली, तिथं गिरिजाला गुदमरायचं. त्या बंडीत एकेक जागा अशी होती की जिथं कुणीतरी थांबून तिचं ऐकलं होतं. मी माझ्या बहिणीच्या लाडांत उभी होते, आणि ते लाड मला होत नव्हते. तिची बरगडी संपते तिथं बंडी संपत होती. माझी बरगडी तिथं अर्धीच झाली होती, आणि खालची कड तिच्यात रुतत होती. छातीवरचा जाड तुकडा मधोमध न बसता वर सरकला होता. पूर्ण श्वास घेतला की पट्टा काखेत कापत होता. दुखत होतं. नीट, ओळखीचं, नाव घेण्यासारखं दुखत होतं. त्या मैदानावर माझ्यासारखी एखादी थोराड पोर असेलच, दात आवळून ठीक आहे दीदी म्हणणारी. पण मी तिच्यासाठी बोलले असं कुणी म्हणू नये. मला त्या वेळी कुठलीही पोर दिसत नव्हती. मला फक्त संध्याची बोटं दिसत होती, हवेत थांबलेली, कुठं टेकायचं ते न कळून.

मी तिचा हात धरला आणि बरगडीवर टेकवला. "इथं."

तिनं दोन बोटं आत घातली. गार होती. "घासतंय की रुततंय?"

"रुततंय. आणि इकडं काखेत कापतंय. वरचा तुकडा गळ्यात येतोय. ही बंडी गिरिजाची आहे. माझ्या अंगाच्या पोरीला तू ही देणार असशील तर नको देऊस. दुसरी काप."

"पर आज द्यायची हाय ना ती?" गिरिजा मागून म्हणाली. कुणी तिच्याकडे बघितलं नाही. हे मी आवर्जून सांगते, कुणी बघितलं नाही.

संध्यानं खडू हातात घेतला, पण खूण केली नाही. माझ्या तोंडाकडे बघत राहिली. तिचे डोळे भरले होते की पॉलिशची भुकटी गेली होती, मी विचारलं नाही. "आई," ती म्हणाली, "दिवाळीच्या आधी रक्त आलं तेव्हा का नाही हो सांगितलंत?"

मी हात वर धरलेले तसेच ठेवले. दंड भरून आले होते, तेही दुखत होतं.

"कारण तू एकदाच विचारलंस," मी म्हणाले. "मी बरंय म्हटलं आणि तू ते खरं धरून चालती झालीस. हिला दहादा विचारतेस, मला एकदा. तिथं चुकलीस तू, संध्या. बरंय म्हणणारीला परत विचारायचं असतं. आता हात काढू नकोस, आणि परत विचार."